काळं भरणारी

गल्लीने दोघांना नावं पाडली होती. नवरा पेन्सिल आणि बायको शाई. तळमजल्यावरचा किल्लीवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "वर पेन्सिल-शाई राहतात. पेन्सिलीची चूक खोडता येते, शाईची जन्माला पुरते. आता त्या घरात कुणाचं चालत असेल ते तुम्हीच सांगा." गिऱ्हाईक हसायचं. खरं तर त्या घरात शाईकाकूंचं काडीचंही चालत नव्हतं. काकांनी आखायचं आणि काकूंनी गिरवायचं, असा तो संसार. आखल्याबाहेर जायची काकूंना हौसही नव्हती.

दोघं मिळून चित्रकथा करत. छत्री घेऊन फिरणाऱ्या एका गुप्तहेराची मालिका त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. मुखपृष्ठावर नाव काकांचं. काकूंना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर त्या म्हणत, "काळं भरते."

"कुणाच्या तोंडाला?" किल्लीवाला हटकून विचारायचा.

"तुझ्या तोंडाला माझी शाई पुरायची नाही," काकू म्हणत आणि जिना चढत.

काम मात्र थट्टेचं नव्हतं. काका जाड कागदावर चौकटी आखत, माणसं काढत, बोलण्याचे फुगे काढत. जिथं मिट्ट काळं हवं तिथं पेन्सिलीने बारीकशी फुली मारत. फुली म्हणजे हुकूम. काकू आधी टाकाने रेघा ओढत, मग ब्रश घेऊन फुलीच्या जागेत कडेकडेने आत येत. शाई वाळली की खोडरबराने सगळी पेन्सिल साफ. राहायची ती फक्त शाई. छापखान्याला पेन्सिल कधी कळतच नाही.

काकू दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याच्या घरातून आल्या होत्या. हात घडलेला होता, म्हणून सासरी आल्या आल्या टेबलाशी बसल्या. तेव्हाच एकदा त्यांना दिसलं, की चौकटीतल्या अंधाऱ्या दारात काकांनी एक लहान पोरगा काढलाय आणि वर फुली मारलीय.

"अहो, इथं पोरगा आहे. आणि फुलीही आहे. भरू कसं?"

"मापाला काढलाय. दाराची उंची कळायला माणूस उभा करावा लागतो."

"उभा कुठाय? उकिडवा बसलाय."

"तू भर," काका मान वर न करता म्हणाले.

काकूंनी भरलं. त्यांचे वडीलही पाटीवर आधी मापाची माणसं काढत आणि नंतर रंगाखाली बुडवत. धंद्यातली रीत ती. त्यानंतर जिन्याखाली, पडद्याआड, गाडीच्या चाकामागे, विहिरीच्या कठड्यापलीकडे, जिथं जिथं फुली तिथं तिथं तो पोरगा असायचाच. काकू भरत गेल्या. हाताला सवय लागली की डोळे सुट्टीवर जातात.

म्हातारपणी काकांनी गुप्तहेराची छत्री मिटवली. म्हणाले, आता मोठ्यांसाठी चित्रांचंच एक जाड पुस्तक करायचं. घरात तशा पुस्तकांचं एक कपाट जमलं होतं. शेजारपाजारचे म्हणत, एवढं वय झालं तरी पोराटोरांची चित्रं बघतात. काकूही आधी नाक मुरडायच्या. मग एका दुपारी त्यांनी त्यातलं एक उघडलं. त्यात एक बाई पानभर नुसती भांडी घासते, नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि शेवटच्या चौकटीत नळ बंद करते. अक्षर एक नाही. काकूंनी ते पान पुन्हा पहिल्यापासून बघितलं. दुसऱ्या एकात अख्खं गाव धरणाखाली जातं. पानागणिक चौकटींतलं पाणी वर चढतं, घोट्याला, कमरेला, कौलाला, आणि शेवटची पानं नुसती पाण्याची. काकूंनी ते मिटून ठेवलं आणि उगाच साडीचा काठ चाचपून बघितला. हे असं कादंबरीत लिहिता आलं नसतं, एवढं त्यांना न शिकवता कळलं.

काकांनी आपलं पुस्तक कुणाला दाखवलं नाही. सगळी पानं पेन्सिलीत पुरी केली, फीत बांधून ठेवली, आणि एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

भेटायला आलेल्या प्रकाशकबाईंनी फीत सोडली. पहिलं पान बघितलं, मग खुर्ची ओढून बसल्या. चहा गार झाला.

"काकू, हे छापायचं," त्या म्हणाल्या. "शाई तुमचीच."

पुस्तक होतं बारक्याचं. काकांचा धाकटा भाऊ. लहानपणी हरवला, एवढंच काकूंना ठाऊक होतं. त्या घरात बारक्या हा शब्द कुणी उच्चारत नसे. गरम भांड्याला जसं कुणी हात लावत नाही, तसं. त्याचा फोटोही नव्हता. पण त्याची आई अजून होती. काकूंची सासू. म्हातारी खिडकीखालच्या खाटेवर बसून असायची. तिच्या नजरेत मधोमध काळा डाग पडला होता. माणसाच्या तोंडाकडे बघितलं की तोंडाच्या जागी काळं, आणि भोवतीनं कान, केस, खांदे दिसायचे. तोंड बघायचं असलं तर ती मान वळवून कोंबडीसारखी तिरकी बघायची. डॉक्टर म्हणाले होते, डाग पसरणार.

"बारक्याचं पुस्तक आहे म्हणे," म्हातारी म्हणाली. "त्याचं तोंड काढलंय का त्यात?"

"असेल, आई. बघते."

"लवकर बघ. माझं दुकान बंद व्हायला आलंय."

काकूंनी पानं चाळली. सुरुवातीला दोन भाऊ होते. थोरला धाकट्याला ओढत नेतोय. धाकट्याचा हात दिसतो, टाच दिसते, पाठमोरं डोकं दिसतं. तोंड कुठंच नाही. मग बंद पडलेल्या गोदामामागे लपंडाव. थोरल्यावर राज्य. तो भिंतीला तोंड लावून अंक मोजतो. पुढच्या चौकटीत मोकळी गल्ली, एक अंधारं दार, दारावर फुली.

काकूंनी ब्रश बुडवला. कडेकडेने आत आल्या. भरलं. दुसऱ्या दाराकडे वळल्या, आणि मग त्यांचा हात थांबला. त्या फुलीखाली पोरगा होता. उकिडवा, तोंडावर हात धरलेला. आत्ता जे भरून टाकलं त्यातही होता. त्यांनी बघितला होता आणि बघितला नव्हता.

"झालं का पान?" म्हातारीने हात पुढे केला. "आण इकडं."

काकूंनी वाळलेलं पान दिलं. म्हातारीने ते डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं, काही दिसेना, तशी मांडीवर ठेवून त्यावरून बोट फिरवलं. या पुस्तकात काकांनी पेन्सिल दाबून चालवली होती. कागदाला चर पडले होते.

"इथं कुणीतरी आहे."

"दार आहे, आई. आतला अंधार आहे तो."

"अंधाराला गुडघे असतात होय गं?"

म्हातारीचं बोट गुडघ्यावरून वर गेलं, खांद्यावरून डोक्यावर. तिथं गोल गोल फिरलं.

"दोन भोवरे," ती म्हणाली. "दोन बायका करणार म्हणून चिडवायचो त्याला." तिने बोट उचललं नाही. "कुणी घातलं याला आत?"

"फुली होती, आई."

"तो अंधाराला भ्यायचा गं."

काकू उठल्या आणि त्यांनी ट्रंक उघडली. मालिकेची जुनी मूळ पानं एकावर एक रचून ठेवलेली. एकेक पान खिडकीशी नेऊन त्यांनी उजेडाला तिरकं धरलं. समोरून धरलं की नुसतं काळं. तिरकं केलं की शाईखालून पेन्सिल चकाकायची, खोल विहिरीच्या तळाशी पाणी चकाकावं तशी. जिन्याखाली बारक्या. पडद्याआड बारक्या. गुप्तहेर छत्री टेकवून खुनी शोधतोय आणि त्याच्या मागच्या कोनाड्यात बारक्या. मापाचा पोरगा. लोकांनी ही पानं गाडीत वाचली, न्हाव्याच्या दुकानात वाचली, रद्दीत घातली, आणि प्रत्येक पानातून तो कुणाच्या तरी मागे बसून राहिला. आणि त्याला तिथं बुजवणारा हात काकूंचाच.

त्या दिवसापासून घरातल्या काळ्या जागा काकूंना सोसेनात. कपाटामागची फट, न्हाणीचं अर्धं उघडं दार, टेबलाखालची सावली. भर दुपारी खिडकी सताड उघडी असताना वाटायचं, कुणीतरी श्वास रोखून धरलाय. त्यांनी नवऱ्याची खुर्ची टेबलाखाली सरकवली, कारण तिच्याखाली काळोख व्हायचा. सरकवल्यावर आणखीच झाला. मग ती खुर्ची जिन्यात नेऊन ठेवली. किल्लीवाल्याने विचारलं, "काकू, काकांना घराबाहेर काढलंत का?" नेहमीसारखं उत्तर काही आलं नाही, तसा तो बिचारा ओशाळला.

म्हातारी पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलली. तांदूळ निवडताना बोलावं तशी, मान खाली घालून.

"थोरला घरी आला. भूक लागलीय म्हणाला. मी विचारलं, बारक्या कुठंय? म्हणाला, येतोय मागून. मी वाढलं. तो जेवला. पोटभर जेवला." ती थांबली. "मग आम्ही गोदामाचं फळकूट न् फळकूट काढून बघितलं. पोलीस आले, विहिरी उपसल्या. थोरला काही बोलला नाही. शोधायलाच गेला नव्हता तो, अंक मोजून सरळ घरी आला होता, हे मला ठाऊक होतं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर खरं बोलला असता. मग माझे दोन्ही गेले असते."

काकूंनी प्रकाशकबाईंना बोलावून घेतलं. टेबलावर पानं मांडली, फुल्या दाखवल्या, फुल्यांखाली काय आहे ते दाखवलं. बाई बराच वेळ तिरक्या उजेडात बघत राहिल्या.

"काकू, फुल्या पाळा," शेवटी त्या म्हणाल्या. "वाचणाऱ्याला पोरगा दिसता कामा नये. अंधार दिसला पाहिजे आणि त्यात कुणी आहे की काय, असं वाटत राहिलं पाहिजे. तेच तर पुस्तक आहे. शंभर कादंबऱ्यांच्या रांगेत ठेवलं तरी मान खाली घालणार नाही. काकांनी विचार करून मारल्यात त्या फुल्या."

काकूंना ते पटलं. काळ्याचं वजन त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पोरगा दाखवला की पुस्तक हलकं होईल, हे त्यांनाही दिसत होतं.

"बाई," खाटेवरून म्हातारी म्हणाली, "पुस्तक त्याचं असेल. पोरगा माझा आहे."

"आजी, पण त्यांची इच्छा अशी होती..."

"त्याच्या इच्छेनंच तर बारक्या अजून तिथं बसलाय."

बाईंनी पिशवी उचलली. निघताना दारात म्हणाल्या, "तुम्ही द्याल ते छापीन. पण एकदा भरलं की परत येणे नाही, एवढं बघा."

"हे तुम्ही मला सांगताय?" काकू म्हणाल्या.

पुढे काही दिवस त्यांनी शाईची बाटली उघडलीच नाही. टेबलावरची पानं पालथी घालून ठेवली. म्हातारीने घाई केली नाही. फक्त सकाळी उठली की आपला हात डोळ्यांसमोर धरून बघायची, आज किती बोटं शिल्लक आहेत ते. एका सकाळी तिने हात धरला आणि एकही बोट न मोजता खाली ठेवला. काकू गॅस बंद करून तशाच टेबलाशी आल्या. ब्रश बाजूला ठेवला, टाक घेतला.

नवऱ्याच्या हुकमाबाहेरची त्यांची पहिली रेघ एका गुडघ्याची होती. गुडघा, कोपर, सदऱ्याची सुटलेली शिलाई. भोवतीचं काळं त्यांनी भरलं, पण पोराच्या अंगाशी आणून थांबवलं. डोळे शेवटी केले. भिऊन मोठे झालेले असणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण काकांनी काढलेल्या पापण्या खालून वर उचललेल्या होत्या. गाल फुगलेला होता.

वाळल्यावर पान म्हातारीकडे नेलं. तिने मान वळवली, पान सरकवत सरकवत नजरेच्या कडेला आणलं, तिथंच धरून ठेवलं. काकू बाजूला उभ्या राहिल्या. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"हाच," म्हातारी म्हणाली. आणि मग, "हसतोय मेला. आवाज फुटू नये म्हणून तोंड दाबून धरलंय."

"मलाही तसंच वाटलं, आई."

"म्हणजे भ्याला नव्हता." ती पुन्हा बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. "भ्याला असता तर बाहेर आला असता गं. याला वाटत होतं, आत्ता येईल दादा."

काकूंना तिथं उभं राहवेना. पण काम आता सुटणारं नव्हतं. पुढच्या पानांत थोरला मोठा होत होता. नोकरीला लागतो, लग्न करतो, टेबलाशी बसून चित्रं काढतो. त्याच्या शेजारी एक बायको पाठमोरी बसलेली, हातात ब्रश. आपली पाठ काकूंनी स्वतःच गिरवली. आणि प्रत्येक चौकटीत कुठंतरी एक दार, एक फट, एक फुली. काकू त्यातून पोराला बाहेर काढत गेल्या. भावाचं वय वाढत होतं, याचं वाढत नव्हतं. प्रत्येक पान म्हातारीच्या डोळ्याच्या कडेला जाऊन यायचं. "आहे," एवढंच ती म्हणायची. ती कड दिवसागणिक अरुंद होत होती.

शेवटच्या पानावर एकच चौकट होती, पानभर. थोरला म्हातारा होऊन गोदामामागे परत आलाय. पाठ आपल्याकडे, तोंड भिंतीला लावलेलं, हात डोळ्यांवर. फुग्यात एकच शब्द, "शंभर." बाजूला तेच दार, दारावर फुली. काकूंनी म्हाताऱ्याची पाठ शाईत घेतली, भिंतीच्या विटा घेतल्या, फुगा घेतला, आणि मग पोरगा गिरवायला दाराकडे आल्या.

दारात कुणी नव्हतं.

त्यांनी पान तिरकं केलं. खिडकीशी नेलं. चष्मा पुसला. फुली होती आणि फुलीखाली कोरा कागद होता. काकांना वेळ मिळाला नाही, की हातच चालला नाही, की पोरगा निघून गेला होता, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

"आण की," म्हातारी म्हणाली. "शेवटचं ना?"

"आई, यात नाहीये तो."

"नीट बघ."

"बघितलं. यांनी काढलाच नाही."

म्हातारीने पान मागून घेतलं. दारावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. कागद गुळगुळीत होता. काकूंना वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"पेन्सिल धर," ती म्हणाली. "माझ्या बोटामागून ये."

"मी? आई, पेन्सिल माझं काम नाही."

"तुझं नाही, माझं नाही, आणि ज्याचं होतं तो निजलाय. धर म्हणते ना."

काकूंनी नवऱ्याची पेन्सिल उचलली. अख्ख्या संसारात ती त्यांनी टोक काढण्यापुरतीच हातात घेतली होती. म्हातारीचं बोट कागदावर टेकलं. दारात नाही, दाराबाहेर, उजेडात, थोरल्याच्या पाठीमागे. बोट हलायला लागलं. काकू मागून रेघ ओढत गेल्या. एक पाऊल चवड्यावर, टाच उचललेली. वाकलेला गुडघा. सदरा. बोट डोक्याशी येऊन गोल फिरलं, दोनदा. मग खांद्यावरून निघून हाताच्या रेघेने वर गेलं आणि पंजा उघडून थांबलं, थोरल्याच्या पाठीपासून जरासं अलीकडे.

"हे काय करतोय तो, आई?"

"मागून येतोय," म्हातारी म्हणाली. "धप्पा द्यायला."

पोरगा वाकडा झाला होता. मान आखूड, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. काकांनी काढलेल्या बारक्यापुढे तो कुणा दुसऱ्याच घरचा वाटला असता. काकूंनी एकही रेघ सुधारली नाही. होता तसा शाईत घेतला, टाचेपासून सुरुवात करून, आणि उघडा पंजा शेवटी. दार मात्र काळं भरलं. त्यात आता कुणी नव्हतं आणि ते काळं नुसतं काळं होतं.

म्हातारीने पान डोळ्याशी नेलं. या कडेला, त्या कडेला, वर, खाली. कुठंतरी तिला तो सापडला असावा, कारण हात थांबला.

"आता याला सांग, मागं वळ म्हणावं."

"कुणाला?"

"थोरल्याला. किती वेळ भिंतीला तोंड लावून उभा राहणार?"

"आई, त्याला यांनी तसाच काढलाय."

"मग तू फिरव."

"वाळलाय तो. शाई झाली त्याच्यावर."

म्हातारी हं म्हणाली. पान मांडीवर आडवं घेतलं आणि चाचपत बोट नेलं, पोराच्या पंजापर्यंत. तिथली शाई ओली होती. काकूंनी "आई, थांबा" म्हणायला तोंड उघडलं, तोवर बोट पुढे सरकलं होतं, पंजापासून थोरल्याच्या पाठीपर्यंत. मागे एक काळा ओघळ उमटला.

काकूंचा हात सवयीने पांढऱ्या रंगाच्या डबीकडे गेला. असले डाग बुजवायलाच ती होती. त्यांनी डबी उचलली, बघितली आणि परत ठेवली.

म्हातारीने बोट पदराला पुसलं.

"लागला का हात?" तिने विचारलं. तिला दिसत नव्हतं.

"लागला, आई."

काकूंनी पान तिच्या मांडीवरून अलगद उचललं आणि खिडकीत वाळत घातलं. बाहेरचा उजेड थेट त्यावर पडत होता, तरी थोरला भिंतीकडेच बघत होता.